चार बोटांचं पाऊल

चहाच्या गाळणीतून शेवटची रांगोळी भुरभुरून पौर्णिमेनं पुठ्ठा हलकेच उचलला आणि पलंगापाशी महालक्ष्मीचं पाऊल उमटलं. वर हळदीकुंकवाची चिमूट टाकून ती कंबर धरत उठली. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत, तिथून चूल, धान्याची खोली आणि आता ही निजायची खोली. महालक्ष्म्यांना सगळं घर दाखवायचं असतं, तेव्हा पावलंही सगळीकडे हवीत.

या घरातल्या तिच्या या पहिल्याच महालक्ष्म्या. बार्शीटाकळीच्या शिवारात फुलमळा घरचा, पण सणाचा झेंडू नवरा, कुलदीप, पहाटेच अकोल्याच्या बाजारात घेऊन गेला होता. पिकवणाऱ्याच्या मखराला देठ तुटलेलीच फुलं यायची. ती तिनं दोऱ्यात ओवली. सासूच्या दोन जुन्या साड्यांना चुण्या घालून मागचा पडदा केला. दिव्यांची माळ अर्धीच पेटत होती, तर ती अर्धी मखराच्या पुढच्या बाजूला आणली. अडलं होतं ते पावलांपाशी, कारण तिची रांगोळी म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखी. मग माळ्यावरच्या खोक्यात पुठ्ठ्याचे दोन साचे सापडले, एक डावा, एक उजवा, हातानं कापलेले. डाव्याला करंगळीच नव्हती. कापणारीची कात्री घसरली असेल, म्हणून ती हसली. लक्ष्मीची बोटं कोण मोजतंय!

आज सासूनं एकदा 'बरं केलं' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. लग्नाला पाच महिने झाले होते. आधीची बायको वर्षाली दोन वर्षांपूर्वी तापानं गेली, यापलीकडे तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. घरात फोटो नव्हता, तोंडी नाव नव्हतं. पण आरशाच्या कडेला टिकल्या अजून चिकटलेल्या होत्या, आणि पौर्णिमा चहात साखर टाकायला लागली की सासूची नजर तिच्या हातावर यायची, तो हात दुसऱ्या कुणाचा असायला हवा होता अशी. या घरात तिला भीती वाटायची. कुणीतरी अजून इथून गेलेलं नाही, असं वाटायचं.

कुलदीप रिकाम्या टोपल्या घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"बाजूनं या, पावलं मोडतीन," पौर्णिमा म्हणाली.

तो खाली बघत होता. त्याची नजर एकेका पावलावरून आत गेली, देव्हाऱ्याकडे, चुलीकडे, आणि निजायच्या खोलीच्या दारात अडकली.

"पुस हे."

"काहून? दुपारभर वाकून वाकून..."

"पुस म्हनलं ना!"

आवाज ऐकून सासू मनकर्णाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पोराच्या तोंडाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. चौकटीला धरून त्या हळूच खाली बसल्या आणि डाव्या पावलाशी, करंगळीच्या रिकाम्या जागेवर, त्यांनी बोट टेकवलं.

"वर्षालीचा पाय हाये हा," त्या म्हणाल्या. "बुटाच्या खोक्यावर सोता उभी राह्यली अन् पेन्सिलीनं आखला. इकतचा साचा कायले पायजे, म्हने. करंगळी लहानपनीच कडबा कापाच्या मशिनीत गेली होती तिची."

पौर्णिमेची नजर पावलांवरून मागं मागं गेली. चुलीपाशी, धान्यापाशी, पलंगापाशी. तिनं आपल्या हातानं तिला घरभर फिरवलं होतं. ती कोपऱ्यातला झाडू घेऊन आली.

"ठेव तो," सासू म्हणाली. "लक्ष्मीचं पाऊल झाडत नसतात. तीन दिवस राह्यते ते."

"आई, मंग मी कुठं पाय ठेवू?"

वेळ टळत चालली होती. मनकर्णाबाईंनी हात धुतले आणि ओवाळायचं ताट घेऊन त्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. पौर्णिमा अंगणात गेली. तुळशीपाशी सुपात ठेवलेले दोन्ही मुखवटे तिनं उचलले आणि दाराशी आली. आतून दरवर्षीचा प्रश्न आला.

"कोन आलं?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलानं आली?"

सोन्याच्या पावलानं, असं म्हणायचं असतं. सासूनं सकाळीच तिच्याकडून दोनदा घोकून घेतलं होतं. पौर्णिमेनं खाली पाहिलं. उंबऱ्याच्या आत पहिलंच पाऊल डावं होतं.

"वर्षालीताईच्या पावलानं," ती म्हणाली.

कुलदीपनं भिंतीकडे तोंड फिरवलं. आजच्या दिवसाआधी दोन वर्षं या घरात कुणी ते नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं. मग मनकर्णाबाई दारातून बाजूला सरकल्या. त्या पौर्णिमेकडे पाहतच नव्हत्या. त्यांची नजर तिच्या खांद्यामागं, रिकाम्या अंगणात होती.

"ये बाई," त्या म्हणाल्या. "लय दिवस लावले तुनं."

पौर्णिमेनं सूप छातीशी धरलं आणि उंबऱ्यात एका माणसापुरती जागा सोडून ती आत आली.