चाकाखालचं लिंबू

"तुले सुट्टीच नाही भेटली?" अभिजीतनं विचारलं.

"नाही ना बे. साहेबानं अर्ज वाचलाबी नाही," रोहित म्हणाला आणि चहाच्या कपात बघत बसला. सुट्टी मंजूर होऊन आठवडा झाला होता.

कोकणची मोटरसायकल सहल मुळात त्याचीच कल्पना. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, म्हणून यवतमाळ, नांदेड, सोलापूर असा रस्ता त्यानंच शोधला. पुढे रत्नागिरी, तिथून समुद्राला खेटून जाणारा आरे-वारेचा रस्ता, मग जयगडला गाड्या बोटीत चढवायच्या आणि पलीकडे गुहागरकडे. रोहित, अभिजीत, धर्मेंद्र आणि सुशील, चौघांच्या चार गाड्या. सगळं जमलं होतं, आणि अभिजीत म्हणाला, "मी आईले मागं बसवून आणतो. तिनं अजून समुद्र नाही पाहिला."

तिथं रोहितचं डोकं फिरलं. दर तासाला थांबा, काकूंचे गुडघे मोकळे करा, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर बिअर उघडायची ती काय त्यांच्यासमोर? त्यानं धर्मेंद्र आणि सुशीलला सांगून टाकलं, अभिजीतला सहल रद्द झाली म्हणून कळवू आणि शनिवारी पहाटे आपण तिघंच निघू. दोघं काही बोलले नाहीत. म्हणजे त्यांना पटलं, असं रोहित धरून चालला.

"मी ऐकलं गा," म्हणत अभिजीतची आई, भारतीकाकू, आतून आल्या. घरातला हातमाग बंद पडल्यापासून त्या गाद्या-गोधड्या शिवून घर चालवत. आता त्यांच्या हातात सीटवर बांधायच्या छोट्या गाद्या होत्या, चारही गाड्यांच्या मापाच्या. "ही पाह्य, तुयी पयले शिवली. तू लंबा हाय, तुले कमरेचा त्रास जास्त."

रोहितचे कान गरम झाले. गादी हातात घेववेना आणि नको म्हणवेना.

"ठेवा काकू. पुढच्या वर्षी नेऊ."

"गाड्या आपल्याच दारातून काढजा मात्र. लांबच्या रस्त्याले निघताना चाकाखाली निंबू पाहिजे." त्या हसल्या. "समुद्र काय कुठं पळून जाते? तू मनाले लावून घेऊ नको."

त्या चार शब्द लागट बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. रोहित चहा अर्धा टाकून उठला.

गल्लीच्या तोंडाशी येऊन त्यानं धर्मेंद्रला फोन लावला. "सांगतलं त्याले."

"काय सांगतलं?"

"मले सुट्टी नाही, म्हणून सहल रद्द."

"काकू काय म्हणाल्या?"

"काही नाही. मलेच समजावून राहिल्या होत्या."

"बरं. मंग तुले सुट्टी नाही, तेच पक्कं धरू," धर्मेंद्र म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पुढचे दिवस रोहित तयारी करत राहिला, पण कशात मन लागेना. तिघांच्या ग्रुपवर त्यानं रस्ता टाकला, मुक्काम टाकले. उत्तरादाखल नुसते अंगठे यायचे. बॅग भरताना गादी आठवायची. किती हलकट आहोत आपण, असं त्याला सारखं वाटायचं. लहानपणी शाळा सुटली की याच बाईच्या हातची पोळी खाल्ली होती त्यानं, आणि आता तिच्या गुडघ्यांची लाज वाटत होती.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र त्याला राहवेना. कचेरीतून तो तडक निघाला. बिअर गेली खड्ड्यात, दर तासाला थांबू, त्याचं ठरलं होतं. 'काकू, मी खोटं बोललो. उद्या पहाटे निघू, तुम्ही चला,' हे वाक्य तो हेल्मेटच्या आत घोकत होता. इतवारीच्या बाजारात उतरून त्यानं लिंबं घेतली, चारही गाड्यांना पुरतील एवढी. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखी वाटत होती.

अभिजीतच्या दाराला कुलूप होतं.

रोहित गाडीवरून उतरला तेव्हा त्याच्या बुटाखाली काहीतरी चिकट लागलं. त्यानं खाली पाहिलं. सिमेंटच्या रस्त्यावर चिरडलेली लिंबं पडली होती. उन्हानं ती अर्धवट सुकली होती. कुंकवाचे लाल पट्टे टायरांच्या नक्षीसकट गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते.

"रोहितच ना गा तू?" शेजारच्या सिंधूताई बाहेर आल्या. त्यांच्या हातात लाडवांचा डबा होता, आणि त्यावर सीटची गादी घडी करून ठेवलेली. "भारती सकाळीच गेली समुद्र पाहाले. धर्मेंद्र, सुशील, अभिजीत, तिन्ही गाड्या इथूनच निघाल्या. हे तुयासाठी ठेवून गेली." त्यांनी डबा त्याच्या हातात दिला. "निघेपर्यंत एकच घोकून राहिली होती बिचारी, ज्यानं सारं ठरवलं, त्या पोरालेच सुट्टी नाही भेटली."