कडुनिंबाचा थाळा

शाळेत गणित शिकवणाऱ्या यास्मीनला सुट्टीत लेथवर लाकडाचे वाडगे करायचा नाद होता. रस्ता रुंद करताना तिच्या अंगणातला कडुनिंब तोडला, तेव्हा त्याचा एक ओंडका तिनं ठेवून घेतला.

त्याचा पहिला वाडगा झाला आणि त्यात पानांची सावली हलताना दिसली. तिनं तो उघड्या अंगणात, भर उन्हात नेला. सावली तिथंही हलत होती. सासूबाई लालबींनी वाडग्यात हात घातला.

"गार हाय की गं," त्या म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवून डोळे मिटून बसल्या.

यास्मीनला भीती वाटली नाही. सोलापूरच्या त्या उन्हात तिला उलट त्या गारव्याचा मोह पडला. उरलेल्या लाकडाचा तिनं मोठा थाळा केला आणि अंगणात लालबींपुढं ठेवला.

थाळ्यात अख्ख्या फांदीची सावली पडली. फांदीवर कुणीतरी पाय सोडून बसलं होतं. दोन छोट्या वेण्या वाऱ्यावर हलत होत्या.

यास्मीननं वर पाहिलं. आभाळ पांढरं आणि रिकामं होतं. तिनं वळून दारातून घरात पाहिलं. तिची लेक आयत चटईवर गाढ झोपली होती. वेण्या उशीवर पसरल्या होत्या.

लालबींनी कपाळावर हात आडवा धरून वर बघितलं.

"आयत, पडशील की! उतर खाली."

"येते की, दादी," वरून आयतचा आवाज आला.