शिशाचे मणी

“या खेपेला निशाण थरथरलं ना वहिनी, तर मी ते ओरेस्तेच्या हातून काढून घेणार. सगळ्यांसमोर. मग मला बोल लावू नका.”

एवढं सांगून दोनातो शिरस्त्राण काखेत मारून जिना उतरला. नीवेस हातात सुई धरून तशीच बसून राहिली. रोम शहराच्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते. त्या दिवशी हौशी मंडळी जुन्या रोमन फौजेच्या वेशात मिरवणूक काढत. सर्वांत पुढे निशाण धरून चालायचा मान चोवीस वर्षं तिच्या नवऱ्याचा होता. हा मेला दोनातो परवा परवा तुकडीत आला आणि निघाला काढून घ्यायला!

पण खोटं तरी काय बोलला तो? दोन वर्षं झाली, ओरेस्तेचा हात कापायचा. कॉफीच्या कपात चमचा वाजायचा, निशाणाची सोनेरी झालर नुसती थरथरायची. कुणी बघितलंच तर तो म्हणायचा, “वारा आहे.” बिचाऱ्याला आपला हात कापतोय हेसुद्धा कळत नाही, या विचाराने नीवेसला भडभडून यायचं.

निशाणं तीच शिवायची. लाल कापड, मधोमध सोनेरी रंगात पंखवाली विजयादेवी, खाली झालर. बहुतेक लोकांच्या दिवाणखान्यात शोभेला जायची. भिंतीवर सरळ लोंबावीत म्हणून त्यांच्या खालच्या दुमडीत ती शिशाचे मणी शिवायची. हात धड होता तोवर मणी ओरेस्तेच ओवून द्यायचा. मिरवणुकीच्या निशाणात मात्र मणी कधीच नसत.

या वर्षी तिने त्यातही शिवले. चांगल्या दोन ओळी. आता कसं हलतं बघतेच, असं पुटपुटत तिने दोरा तोडला.

मिरवणुकीच्या सकाळी भन्नाट वारा सुटला. मागची सगळी निशाणं फडफडत होती. ओरेस्तेचं मात्र ढिम्म हललं नाही. दोनातोचं तोंड बघण्यासारखं झालं. गर्दीच्या कडेने चालणाऱ्या नीवेसचा आनंद गगनात मावेना.

कोलोसियमच्या वळणाशी दांडा कलला.

झालर जमिनीला टेकली की तुकडीची अब्रू गेली. त्याआधी निशाण दुसऱ्याला द्यायचं आणि एकदा दिलं की पुन्हा मागायचं नाही, असा तुकडीचा नेम होता. ओरेस्तेच्या मानेची शीर तटतटली. झालर गुडघ्यापर्यंत आली, मग घोट्यापर्यंत.

“दोनातो, घे रे बाबा. पेलवत नाही.”

दोनातोने दांडा घेतला आणि वजनाने तोही जरा वाकला. त्याने चमकून नीवेसकडे पाहिलं आणि तो पुढे गेला.

ओरेस्ते दगडी कट्ट्यावर टेकला. नीवेस धावत आली. त्याचा रिकामा हात मांडीवर कापत होता.

“हात कापतो हे काय मला ठाऊक नव्हतं?” तो म्हणाला. “पण वारा होता ना माझ्या बाजूने. आणखी दोन-चार वर्षं सहज निघाली असती.”

“अरे, मी तुझ्यासाठीच...”

“भिंतीवरचं निशाण दिलंस मला, नीवेस,” तो म्हणाला. “आता मलाही त्याच्या शेजारी टांग.”