दोन डबे

"ताई, डबे किती लावू?" साउंडवाल्याने विचारले. वाद्य साउंड सिस्टिमला जोडणाऱ्या डीआय बॉक्सला तो डबाच म्हणायचा. "दोन. नेहमीसारखे." एक तिच्या कीबोर्डला, दुसरा नवऱ्याच्या गिटारला. गिटार स्टँडवर होती. नवरा वर्षापूर्वी गेला होता. साउंडवाल्याने दोन्ही जोडले. आजवर तिने एकटीने कधी वाजवले नव्हते. नवरा दरवेळी एक ठोका मागून यायचा, ती त्याला फैलावर घ्यायची. त्या भांडणातच तिची भीती विरून जायची. आज भांडायला कुणी नव्हते. रिकाम्या हॉलकडे बघत तिने एक सूर वाजवला. स्पीकरच्या आवाजाने गिटारच्या तारा झणकारल्या. तिच्या पाठोपाठ तोच सूर हलकेच घुमला. "गिटारची लाइन बंद करतो, ताई. मागून आवाज येतोय." "राहू दे रे," ती खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "ते कधी वेळेवर आलेत?"