संस्थेच्या खोलीची सजावट

दुष्काळात गावातल्या महिला दूध संस्थेचं संकलन चारशे लिटरवरून साठावर आलं होतं. अध्यक्ष होत्या केशरबाई. पण त्यांच्या खुर्चीत बसायचे त्यांचे यजमान सुंदरराव. तालुक्याच्या गावाहून, केजहून कुणी साहेब आला, की आपली ओळख ते 'चेअरमन' अशीच करून देत.

वार्षिक सभा जवळ आली तेव्हा ते बायकोला म्हणाले, "हापिसाची खोली जरा सजव. तेवढं तरी जमंल तुला."

"सुरुवात कुठून करू?"

"हे बी मीच सांगू? पडद्यापासून कर."

केशरबाईंनी पडद्यांचं नावही काढलं नाही. त्यांनी सुरुवात खुर्च्यांपासून केली. स्वतः पुसून, घासून त्या ओळीनं मांडल्या आणि चारा छावणीत जनावरांपाशी राहणाऱ्या बायकांना सभेचा निरोप धाडला.

सभेच्या दिवशी सुंदरराव कडक इस्त्रीत आले. अठरा खुर्च्यांवर अठरा बायका बसल्या होत्या. अध्यक्षांच्या खुर्चीत केशरबाई होत्या.

"मी कुठं बसू?" सुंदररावांनी दारातूनच विचारलं.



केशरबाईंनी कागदातून मान वर केली नाही. "दूध घालणाऱ्यांपुरत्याच खुर्च्या हायत. तुमी किती लिटर घालता?"