कललेला मनोरा

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या एका गावात धड अशी एकही भिंत उरली नव्हती. लोक लाकडी खोपटांत राहत होते. पण आधी नगरभवनाचा घंटामनोरा पुन्हा उभा राहिला पाहिजे, हा सगळ्यांचा हट्ट. ब्रसेल्सहून आलेल्या आर्किटेक्टने मनोऱ्याचं चित्र पुढे ठेवलं. म्हाताऱ्या गोडेलीवने ते निरखून पाहिलं आणि परत त्याच्याकडे सरकवलं.

“हा आमचा नव्हे. आमचा बाजाराच्या बाजूला कललेला होता.”

“आजीबाई, ती बांधणाऱ्यांची चूक होती!”

“असेल. बांधणारे आमचेच होते. तस्साच बांधा.”

“अहो, कलता मनोरा एक दिवस पडेल!”

गोडेलीव खुदकन हसली.

“शेजारच्या गावातले तीनशे वर्षं हेच म्हणत होते, साहेब. शेवटी तो पाडायला जर्मनीच्या कैसरला तोफा आणाव्या लागल्या!”