ताईची पिशवी

बाबांनी ताईसाठी ठेवलेला शेतातला हिस्सा तिनं आम्हा भावांना सोडून द्यायचा, म्हणून दादानं तिला नोंदणी कार्यालयात आणलं. तिचं वय चाळीस, समज पाच वर्षांच्या पोरीएवढी. "हाई थैली कसाले?" म्हणत त्यानं तिची कापडी पिशवी दोनदा ओढली, तिनं सोडली नाही. "आपलेच सांभाळनं शे ना तिले," तो मला पटवत होता. मी धुळ्याहून रजा टाकून आलेला, सारखा घड्याळाकडे बघत होतो. टेबलावरचं अंगठ्याचं मशीन दिसताच ताई खुलली. बाबा असताना दर महिन्याला रेशन दुकानात ती असाच अंगठा द्यायची. कुणी न सांगताच तिनं तो टेकवला. हिरवा दिवा लागला तसा दादा हसला. ताईनं पिशवी झटकून उघडली आणि दादापुढे धरली. तो कागद गोळा करू लागला. ती माझ्याकडे वळली. "भाऊ, गहू टाक ना."